सगळे फोटो फांदीवर बसलेल्या पक्ष्याचेच का येतात?

आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडतो, चुकत असेल तर सांगा. तुम्ही बारामतीत राहता, दोन वर्षं पक्ष्यांचे फोटो काढताय, क्रॉप सेन्सरची (लहान सेन्सरची) डीएसएलआर आणि १५०-६०० मिमीची झूम लेन्स आहे, सुट्टी फक्त रविवारची. फोटो शार्प येतात पण सगळे एकाच छापाचे, पक्षी फांदीवर बसलाय आणि कॅमेऱ्याकडे बघतोय. खाताना, भांडताना, घरटं विणताना, पिल्लांना भरवताना असं काही मिळत नाही, आणि चुकून मिळालंच तर पक्षी अर्धा फ्रेमच्या बाहेर. मग मिररलेस कॅमेरा घ्यावा का, सेटिंग चुकतंय का, आणि ट्रायपॉड लागेल का, असे तीन प्रश्न.

तिन्हींची उत्तरं देतो, पण तुमच्या प्रश्नातच एक गोष्ट तुम्ही लिहून गेलाय आणि तुमच्या लक्षात आली नाहीये. सगळे पक्षी कॅमेऱ्याकडे बघतायत. म्हणजे काय, तर त्याने तुम्हाला पाहिलंय, हातातलं काम टाकलंय आणि आता हा माणूस पुढे काय करणार याचा अंदाज घेत बसलाय. तुम्ही ज्या क्षणी शटर दाबता त्या क्षणी त्याचं वागणं, तुम्हाला जे हवंय ते, ऑलरेडी थांबलेलं असतं. शिल्लक राहतो तो पासपोर्ट फोटो. हे कुठलीच कॅमेरा बॉडी सुधारू शकत नाही, तीन लाखाची असो नाहीतर पाच लाखाची.

मी स्वतः पहिली तीन-चार वर्षं हेच केलंय. दर रविवारी पहाटे पुण्याहून कवडीपाट, तिथून उन वर आलं की अजून एखादं ठिकाण, दिवसाला चाळीस-पन्नास जातींची यादी, घरी आल्यावर हजारभर फोटो आणि सगळे असेच. मजा यायची, नाही म्हणत नाही, यादी वाढली की बरं वाटतंच. पण एकदा पाय मुरगळला म्हणून एकाच जागी दगडावर बसून राहावं लागलं, दोन तास, आणि त्या दोन तासांत परटाच्या, म्हणजे धोबी पक्ष्याच्या, दोन नरांची नदीकाठच्या जेमतेम वीस-पंचवीस पावलांच्या पट्ट्यावरून चाललेली मारामारी मी पहिल्यांदा आख्खी बघितली. कुठल्या दगडापर्यंत एकाचं राज्य आणि कुठून दुसऱ्याचं हे तासाभराने मला पाठ झालं होतं. त्यानंतर फोटो काढणं सोपं होतं, कारण भांडण कुठे होणार हे माहीत होतं, मी फक्त त्या दगडावर फोकस ठेवून बसलो.

तर माझ्या मते काम दोनच आहेत. पक्षी तुम्हाला विसरला पाहिजे, आणि तो पुढे काय करणार हे तुम्हाला आधी कळलं पाहिजे. हे दुसरं का, तर आपल्याला डोळ्याने काही दिसून बोट खाली जाईपर्यंत साधारण पाव सेकंद जातोच, त्यात कॅमेऱ्याचा थोडा उशीर, आणि तेवढ्यात खंड्या फांदी सोडून गेलेला असतो. म्हणजे घटना बघून शटर दाबलं तर उशीरच होणार. घटनेच्या आधीची खूण बघून दाबायचं असतं. आता ही खूण प्रत्येक पक्ष्याची वेगळी, म्हणून एक पक्षी नीट शिकावा लागतो, पन्नास नाही.

वेडा राघू, म्हणजे उडते किडे पकडणारा छोटा हिरवा पक्षी, त्याच्यापासून सुरू करा असं मी सगळ्यांना सांगतो. बारामतीकडे तारेवर, बाभळीच्या वाळक्या काटकीवर, कुंपणावर कुठेही मिळतो, माणसाला फार घाबरत नाही आणि मुख्य म्हणजे तो बहुतेक वेळा उडून परत त्याच काटकीवर येतो. हवेत झेप, किडा पकडला, परत जागेवर, मग किडा काटकीवर आपटायचा, मधमाशी किंवा गांधीलमाशी असेल तर तिची नांगी काढायला तिला काटकीवर घासायचं, मग किडा चोचीत नीट फिरवून हवेत उडवून गिळायचा. आपटणं थांबलं आणि चोच वर गेली की पुढच्या क्षणी उडवणार, ही झाली खूण. तिथे दाबा. तो गेल्यावर त्याच्या मागे लेन्स फिरवत आकाशात शोधत बसू नका, त्याच्या काटकीवर फोकस ठेवून थांबा, येतोच. एका सकाळीत तुम्हाला तीस-चाळीस संधी मिळतील, पहिल्या वीस वाया जातील, जाऊ देत.

आणि कधी कधी तो किडा मारून झाल्यावरही गिळत नाही, नुसता चोचीत धरून बसतो. सुरुवातीला मी खूश व्हायचो, काय मस्त पोज देतोय म्हणून. पोजबिज काही नसते. एकतर जवळपास मादी आहे आणि तो तिला तो किडा देणार आहे, मग थांबा, कारण पुढे नजराणा आणि नशीब असेल तर मीलन. किंवा जवळच्या मातीच्या उतारात त्याचं बीळ आहे, आत पिल्लं आहेत, आणि तुम्ही समोर असल्यामुळे तो आत जायला तयार नाहीये. हे दुसरं असेल तर तिथून उठायचं. जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली वेडा राघूवर केलेला एक भारी अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात असं दिसलं की माणूस जवळ आहे की नाही एवढंच हा पक्षी बघत नाही, त्या माणसाला त्या जागेवरून घरट्याचं तोंड दिसतंय का हेही तो धरतो. दिसत असेल तर आत जायचं टाळतो, तेवढ्याच अंतरावर पण बीळ न दिसणाऱ्या जागी माणूस असेल तर बिनधास्त जातो. मला हे वाचल्यावर आधीच्या कितीतरी सकाळी आठवल्या. बीळ मला स्पष्ट दिसावं म्हणून मी बरोब्बर समोर बसायचो आणि हा आत का जात नाही म्हणून वैतागायचो, आत पिल्लं उपाशी.

आता पक्षी तुम्हाला कसा विसरणार. पक्ष्याला नुसता माणूस त्रासाचा नसतो, त्याच्याकडे सरळ चालत येणारा, थांबणारा आणि टक लावून बघणारा माणूस त्रासाचा. शेतात ट्रॅक्टर चालू असेल तर गायबगळे आणि कोतवाल त्याच्या मागे अगदी चाकापाशी असतात, तोच बगळा बांधावर तुम्ही वाकून चोरपावलाने गेलात की दोन शेतं पलीकडून उडतो, कारण चोरपावलाने येतो तो शिकारी. त्यामुळे लपतछपत जाणं मी सोडून दिलं. उजाडायच्या आधी जागेवर जाऊन बसायचं, मग पक्षी येतात तेव्हा तुम्ही तिथले दगड असता. कारमध्ये असाल तर काच खाली करून कारमधूनच काढा, दार उघडलं की संपलं. बाईक असेल तर बंद करून तिच्या बाजूला खाली बसा. मळकट कपडे, पांढरा टीशर्ट नको, कॅमोफ्लाजचं जॅकेट घ्यायलाच हवं असं काही नाही, मी वडिलांचा जुना खाकी शर्ट घालतो.

पहिली पंधरा-वीस मिनिटं कॅमेरा मांडीवर ठेवा, हे फार अवघड जातं पण करा. या वेळात पक्षी परत कामाला लागतोय का एवढंच बघायचं. मान ताठ करून एका जागी गोठलाय, शेपूट झटकतोय, एकसारखा एकच सूर लावलाय, म्हणजे अजून तुमचीच काळजी करतोय. पंख साफ करायला लागला, एका पायावर उभा राहिला, जमिनीत चोच मारायला लागला की समजा परवानगी मिळाली. अर्ध्या तासाने पण नाही मिळाली तर जागा चुकलीय, मागे सरका. किती मागे हे मी सांगू शकत नाही, गावातल्या तळ्यावरचा बगळा आणि माळरानावरचा धाविक यांचं गणित एक नाही, आणि ज्या भागात शिकार होत असेल तिथे सगळेच लांबून उडतात.

भिगवण तुम्हाला जवळ आहे म्हणून एक खास सांगतो. उजनी धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला होडीतून जाल तेव्हा सुरुवातीलाच होडीवाल्या दादांना सांगून टाका की उडवायचे नाहीत, पैसे तेवढेच देईन पण लांब थांबवा. नाहीतर ते बिचारे गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून स्वतःच विचारतात, उडवू का साहेब? आणि आपणच मान डोलावतो. रोहित म्हणजे जड पक्षी, त्याला पाण्यावरून धावत जाऊन उडावं लागतं, एका सकाळी दहा होड्यांनी दहादा उडवला तर तो खाणार कधी? शिवाय वागणुकीचा फोटो म्हणाल तर उडालेला थवा हा तुमच्या होडीच्या वागणुकीचा फोटो झाला. थांबलात तर डोकं उलटं पाण्यात घालून चोचीने पाणी गाळून खाणं, पाय नाचवत तळाचा गाळ ढवळणं, मधेच दोघांची मान लांब करून बाचाबाची, सगळं मिळतं. थव्याने खाणं थांबवून माना वर केल्या आणि सगळे एकाच दिशेने चालायला लागले की तुम्ही जास्त जवळ आलाय, इंजिन बंद असलं तरी.

तुमच्यासारख्या रविवारवाल्या माणसाला मात्र मी भिगवणपेक्षा सुगरण घ्या म्हणेन. तुमच्याकडे ऊस आहे, विहिरी आहेत, विहिरीवर वाकलेल्या बाभळी आहेत, म्हणजे सुगरणीची वसाहत घरापासून दहा-पंधरा मिनिटांवर कुठेतरी असणारच. सलीम अलींनी १९३० सालच्या पावसाळ्यात अलिबागजवळ किहीमला हेच केलं होतं, हातात नोकरी नव्हती, घराजवळ सुगरणींची वसाहत होती, आणि तिच्यावर नजर ठेवून त्यांनी या पक्ष्याच्या संसाराचं कोडं उलगडलं. एक वसाहत, एक मोसम, बस.

नाव सुगरण, पण विणकाम सगळं नराचं, आपल्याकडे नावामुळे उलटा समज झालाय. जून-जुलैत पाऊस धरला की नराचं डोकं पिवळंधमक होतं आणि काम सुरू. उसाच्या किंवा गवताच्या पात्याला तळाशी चोचीने खाच पाडतो, टोक चोचीत धरतो आणि उडतो, पात्याची पट्टी टर्रकन सोलून निघते. हा एक फोटो. ऊस कुठला, त्याची येण्याजाण्याची वाट कुठली हे एक रविवार बसलात की कळतं, कारण वाट तीच असते. मग फांदीला पट्ट्यांच्या गाठी, मग एक कडं, मग त्याच्यावर छप्पर. असं अर्धवट घरटं, ज्याला सगळे हेल्मेट स्टेज म्हणतात, झालं की नर थांबतो आणि मादीची वाट बघतो. मादी वसाहतीत आली की सगळे नर आपापल्या अर्धवट घरट्याला लटकून एकदम पंख फडफडवत किलबिलाट करतात, अख्खं झाड हलतंय असं वाटतं. मादी आत शिरते, इकडेतिकडे ओढून बघते, पटलं तर ठीक नाहीतर पुढच्याकडे. पटलं की मग नर अंड्यांची खोली आणि खालची लांब नळी पूर्ण करतो, आणि ती अंडी घालून बसली की हा पठ्ठ्या दुसरं घरटं घ्यायला मोकळा, दुसऱ्या मादीसाठी. एका मोसमात एकामागून एक असे त्याचे दोन-तीन संसार होऊ शकतात.

फोटोच्या दृष्टीने यातली गंमत अशी की बहुतेक लोक पूर्ण झालेल्या, लांब नळीच्या घरट्याजवळ जाऊन थांबतात कारण ते दिसायला सुंदर असतं. तिथे काय मिळतं, तर पक्षी येतो आणि नळीत गायब होतो, संपलं. सगळं नाटक हेल्मेट स्टेजला असतं, नर-मादी दोघं एकाच कड्यात समोरासमोर, सगळं उघड्यावर. आणि शेजाऱ्याच्या घरट्यातून पट्ट्या चोरणारे नर बघायचे असतील तर मालक ऊस आणायला गेल्यावर शेजारच्याकडे बघा, चोर तोच. माझ्याकडे चोरीचे जे फोटो आहेत ते सगळे याच एका ट्रिकने आलेत.

विहिरीच्या मालकाला विचारून बसा, हे सांगायला नको, पण सांगतो. आणि नुसतं परवानगीसाठी नाही, शेजारी बसून चहा प्या, त्या काकांना मागच्या दहा वर्षांत कुठल्या झाडावर किती घरटी होती हे तोंडपाठ असतं. एका काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं की यंदा पाणी उशिरा आलं, अजून पंधरा दिवसांनी या, आणि ते अगदी तसंच झालं.

घरट्यांचं मात्र सगळीकडे हेच लावू नका. सुगरणीची वसाहत पाण्यावर लटकलेली, गजबजलेली, तुम्ही पंचवीस-तीस मीटरवर विहिरीच्या या बाजूला बसलात तर तिला फरक पडत नाही. टिटवीचं घरटं म्हणजे उघड्या जमिनीवर चार अंडी, तिथे सगळंच वेगळं. मी एकदा माळावर टिटवीची अंडी बघितली, टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि उन्हाळ्यात अंड्यांवर बसून ती गार ठेवते हे ऐकलेलं होतं आणि मला तोच फोटो हवा होता. जागा परत सापडावी म्हणून बाजूला एक काठी रोवून आलो. पुढच्या दोन रविवारी गेलो, लांब बसलो, टिटवी खरंच ओली होऊन आली, फोटो मिळाला. तिसऱ्या रविवारी काठी होती, अंडी नव्हती, कवचसुद्धा नाही. पिल्लं निघायला अजून अवकाश होता. कावळ्याने नेली, मुंगसाने नेली की कुत्र्याने, मी काही बघितलं नाही, पण त्या माळावर नवीन अशी एकच गोष्ट होती आणि ती मी रोवली होती. कावळे माणसावर नजर ठेवून असतात, आपण कुठे वाकून बघतो ते त्यांना कळतं. तो फोटो मी कुठेही टाकला नाही. आता जमिनीवरचं घरटं दिसलं तर जसा चालत असतो तसाच चालत पुढे जातो, थांबत पण नाही. उन्हाळ्यात नदी सुरय वाळूच्या बेटावर असाच उघड्यावर अंडी घालतो, तेव्हा होडीतून बेटावर उतरू नका, कितीही मोकळं दिसलं तरी. आणि फक्त नीतीचाच भाग नाहीये हा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे त्यातच पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्याला त्रास देणं येतं.

पक्ष्याचा आवाज मोबाईलवर वाजवून त्याला बाहेर काढणं, खाडीत कुरवांना (सीगलना) शेव-गाठ्या टाकून जवळ आणणं, यावर फार लिहीत नाही. मिळणारा फोटो आवाज ऐकून चिडलेल्या पक्ष्याचा किंवा शेव खाणाऱ्या पक्ष्याचा असतो, तुम्हाला तो हवा असेल असं प्रश्नावरून वाटत नाही.

आता वारा, ज्याबद्दल कोणी बोलत नाही आणि मला विचाराल तर लेन्सपेक्षा महत्त्वाचा आहे. पक्षी, विशेषतः मोठे, वाऱ्याकडे तोंड करून उडतात आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतात. म्हणजे वारा तुमच्या पाठीवर असेल तर पक्षी तोंडासमोर येणार, वारा तुमच्या तोंडावर असेल तर शेपट्याच मिळणार. हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचा हलका वारा असला तर साधारण पूर्वेकडचा, सूर्यही पूर्वेला, मग पाण्याच्या पूर्व काठावर सूर्य आणि वारा दोन्ही पाठीवर घेऊन बसा. पावसाळ्यात उलटं, वारा पश्चिमेचा जोरात, सकाळी सूर्य समोरच्या बाजूला, त्यामुळे पावसाळ्यात मी सकाळपेक्षा चारनंतरची वेळ धरतो, तेव्हा दोन्ही परत एका बाजूला येतात. उडण्याच्या आधी पक्षी काय करतो तेही बघून ठेवा, बरेचदा शिटतो, वाऱ्याकडे वळतो, अंग थोडं खाली दाबतो, मग झेप. तो शिटला की माझं बोट आपोआप खाली जातं, घरचे हसतात पण सवय झालीय.

कवड्या खंड्या, काळा-पांढरा, पाण्यावर एका जागी पंख मारत तरंगतो आणि मग चोच खाली करून दगडासारखा पडतो, त्याला तरंगताना फोकसमध्ये घ्या आणि डोकं खाली झुकलं की सुरू करा. कापशी घार पण अशीच तरंगते पण ती टप्प्याटप्प्याने खाली येते, शेवटी पंख वर व्ही आकारात धरून पाय सोडून, म्हणजे दोन टप्पे झाले की तिसऱ्याची तयारी ठेवायला वेळ मिळतो. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या आसपासच्या माळावर ही मिळेल तुम्हाला.

एवढं झाल्यावर सेटिंग दोन मिनिटांचा विषय आहे. मॅन्युअल मोड, आयएसओ ऑटोवर, शटर हालचालीसाठी १/२००० च्या खाली नको, वेडा राघू किंवा सुगरणीच्या पंखांसाठी १/३२००, ॲपर्चर ६.३ किंवा ७.१. दोन पक्षी असतील, एक दुसऱ्याला भरवतोय वगैरे, तर ८ किंवा ९ करा आणि दोघं तुमच्यापासून सारख्या अंतरावर येईपर्यंत थांबा, नाहीतर एकाचाच डोळा शार्प येतो. आयएसओ वाढला तर वाढू दे, नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, नंतर कमी करता येतो, हललेला पंख परत आणता येत नाही. पांढरा बगळा काळसर पाण्यावर असेल तर एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप कमी, पक्षी पांढऱ्या आभाळावर असेल तर एक स्टॉप जास्त. फोकस बॅक बटणवर घ्या, म्हणजे शटरच्या बटणाऐवजी कॅमेऱ्याच्या मागच्या बटणाने फोकस.

आणि पक्षी अर्धा बाहेर जातो त्याचं कारण साधं आहे, तुम्ही कायम ६०० ला असता. बसलेला पक्षी ६०० ला फ्रेमभर दिसतो, त्याने पंख उघडले की तो दुप्पट रुंद होतो, जाणार कुठे? काही घडणार अशी खूण दिसली की मी ४०० ला येतो, क्रॉप नंतर करू. बर्स्ट, म्हणजे सलग फोटोंची मालिका, पण छोटे-छोटे मारा, रॉ मध्ये (मोठ्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) दाबून धरलंत तर बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, भरतो आणि नेमका नजराणा देताना कॅमेरा गप्प. सकाळी नऊ-दहानंतर पाण्यावर किंवा माळावर लांबचे फोटो लोण्यासारखे मऊ यायला लागले तर लेन्स सर्व्हिसिंगला टाकू नका, जमीन तापून हवा थरथरतेय, त्यावर घरी जाऊन जेवणं हाच उपाय.

मिररलेसचं म्हणाल तर खोटं बोलणार नाही, फरक पडतो. डोळा ओळखणारा फोकस आहे, आणि काहींमध्ये शटर पूर्ण दाबण्याच्या आधीचे काही फोटो पण साठवणारी सोय आहे, खंड्याच्या झेपेसाठी ती म्हणजे चंगळच, वर मी जो पाव सेकंद म्हटला तो त्यात भरून निघतो. पण कुठे बघायचं हे त्याला कळत नाही, आणि पक्षी तुमच्याकडे टक लावून बसला असेल तर त्याचेच सेकंदाला वीस फोटो येतील. वर्षभर एका पक्ष्यावर बसून बघा, सेकंदाला सहा फ्रेमच्या बॉडीवर माझी सुगरणीची बहुतेक सगळी चांगली चित्रं आलीत, मग हात अडतोय असं वाटलं तर घ्या. आत्ता खर्च करायचाच असेल तर ८x४२ दुर्बीण घ्या. कॅमेऱ्यातून बघितलं की आपण फ्रेम बघतो, दुर्बिणीतून बघितलं की पक्षी दिसतो.

आणि दहा रुपयांची वही. वेळ, वारा, काय केलं, त्याच्या आधी काय केलं, एवढंच. ८.१० मादी आली, तिसऱ्या घरट्यात शिरली, लगेच बाहेर. ८.२५ परत तीच? असं. मोबाईलवर पण चालेल पण माझं मन वहीत जास्त लागतं. सहा-सात रविवारांनंतर मागची पानं चाळलीत की काय कशाच्या आधी येतं ते आपोआप दिसतं, आणि घरी फोटो बघताना फोटोवरच्या वेळेशी ते जुळवता येतं. म्हणूनच खराब फोटो लगेच उडवू नका, ब्लर आलेल्या तीन फोटोंच्या मालिकेत बरेचदा ती आधीची खूण सापडते जी डोळ्याने निसटली होती. वहीचा अजून एक फायदा, आपण कॅप्शनमध्ये थापा मारत नाही. पंख थरथरवत चोच उघडून बसलेलं पिल्लू असतं आणि नराकडे खाऊ मागणारी मोठी मादीही तशीच बसते, नुसत्या एका फोटोवरून आईची माया वगैरे लिहून मोकळे झालो आणि निघाले नवरा-बायको, असं माझं झालंय.

फोटो टाकताना घरट्याची नेमकी जागा लिहू नका, मोबाईलचं लोकेशन बंद करा. सुगरणीच्या विहिरीवर पुढच्या रविवारी पंधरा जण आले तर काका तुम्हालाही हाकलतील.

ट्रायपॉड राहिला. तुमच्या लेन्सला आणि बाईकवरच्या फिरण्याला मी ट्रायपॉड सांगणार नाही, उभं राहून काढायची सवय लागते आणि वरून खाली काढलेला पक्षी मेलेला दिसतो. खाली बसा, जमेल तिथे आडवे व्हा, पक्ष्याच्या डोळ्याच्या लेव्हलला या. बीनबॅग घरी करा, जुन्या जीन्सचा एक पाय कापून दोन्ही टोकं शिवायची आणि आत थर्माकोलचे दाणे. धान्य भरू नका. मी गहू भरले होते, पावसाळ्यात दमट होऊन त्याला टोके, म्हणजे धान्यातले किडे, झाले आणि ते कॅमेऱ्याच्या बॅगेत, तिथून घरातल्या डाळीच्या डब्यात गेले, आणि त्यानंतर दोन रविवार मी घरीच होतो, डबे उन्हात घालत.